आकडे दोन्ही खरे: महासाथीत मोठ्या माणसांच्या मनाचं काय झालं?

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं, की कोविडच्या पहिल्या वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंताविकार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. वर्षभरानं, मार्च २०२३ मध्ये, ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १३७ अभ्यासांचा आढावा आला. त्याच त्या लोकांची मनःस्थिती साथीच्या आधी कशी होती आणि साथ चालू असताना कशी होती, हे त्यात ताडून पाहिलं होतं. निष्कर्ष असा, की सर्वसाधारण लोकांच्या मानसिक आरोग्यात फारसा फरक पडला नाही. नैराश्याची लक्षणं तेवढी थोडी वाढली, आणि स्त्रियांमध्ये बिघाड जरा जास्त दिसला.

पहिलं वाचलं की वाटतं सगळं जग मनानं आजारी पडलं. दुसरं वाचलं की वाटतं काही झालंच नाही. दोन्हीकडचे लोक आपापला आकडा पुढे करून वाद घालतात आणि ज्यांना खरोखर त्रास झाला, अजूनही होतो आहे, ती माणसं बाजूलाच राहतात. माझ्या मते दोन्ही आकडे खरे आहेत. ते एकाच वेळी खरे कसे, हे उलगडलं की महासाथीनं मनाचं काय केलं तेही बरंचसं कळतं.

सरासरीत काय दडतं

समजा, शंभर माणसं आहेत. त्यातली दहा पार कोलमडली. कुणाचं उत्पन्न बंद झालं, कुणाच्या घरात मृत्यू झाला, कुणी महिनोन् महिने एकट्यानं काढले. दुसऱ्या दहा जणांना उलट हायसं वाटलं. रोजची दगदग थांबली, कामाच्या जागी होणारा जाच थांबला, घरच्यांबरोबर वेळ मिळाला. उरलेली ऐंशी माणसं सुरुवातीला घाबरली आणि हळूहळू सावरली. आता या शंभरांची सरासरी काढा. सुई जवळपास जागच्या जागी राहते. कोलमडलेली दहा माणसं त्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

याच्या उलटही होतं. नैराश्य तपासायला जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण पडले, की ‘पुढे तपासणी करायला हवी’ असं धरतात. आता असे पुष्कळ लोक असतात, की ज्यांचे गुण एरवी आठ-नऊच्या आसपास असतात. जेमतेम चाललेलं असतं. सगळ्यांच्या मनावरचं ओझं दीड-दोन गुणांनी वाढलं, तरी यातले कितीतरी जण रेषेपलीकडे जातात. सरासरी थोडीशीच सरकते आणि ‘आजारी’ गटातली संख्या मात्र चांगलीच फुगते.

शिवाय केव्हा मोजलं, हेही महत्त्वाचं. मार्च-एप्रिल २०२० मध्ये लोकांची लक्षणं झपकन वाढली आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत बऱ्याच जणांची पुन्हा उतरली. आणि कुठे मोजलं? बहुतेक अभ्यास श्रीमंत किंवा बऱ्यापैकी सुस्थितीतल्या देशांतले आहेत. २५ टक्क्यांचा आकडासुद्धा माणसं एकेक मोजून आलेला नाही. उपलब्ध अभ्यासांवरून गणितानं काढलेला तो जगाचा अंदाज आहे. त्यामागचा शोधनिबंध ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २०२० या एका वर्षात नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३० लाख आणि चिंताविकारांचे सुमारे ७ कोटी ६० लाख रुग्ण वाढले असावेत, असं त्यात म्हटलं आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. प्रश्नावलीत जास्त गुण पडणं म्हणजे आजाराचं निदान होणं नव्हे. संकटात घाबरणं, झोप उडणं, रडू येणं हा मनाचा बिघाड नसतो. मन जागेवर आहे म्हणूनच तसं होतं. बिघाड म्हणायचा तो हे सगळं उतरायचं नाव घेत नाही आणि रोजचं जगणंच अडतं तेव्हा.

धोका दिसत नाही, आणि माणसं जवळ घेता येत नाहीत

धोका जाणवला की मेंदू शरीराला सावध करतो. ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरकं पाझरतात, छाती धडधडते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, झोप आणि भूक मागे पडतात. ही व्यवस्था थोड्या वेळासाठी आहे. समोरचं संकट टळलं, की ती आपोआप शांत होते.

महासाथीत मात्र संकट टळल्याची खूणच मिळत नाही. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. आज ठणठणीत वाटणारा माणूस उद्या आजारी निघू शकतो. एक लाट ओसरते तोवर दुसरीची बातमी येते. जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ती संपल्याची घोषणा केली ५ मे २०२३ रोजी. सव्वातीन वर्षं! एवढा काळ जीव टांगणीला लागलेला असेल, तर पहारा देणारं मन थकणारच. मग कधी क्षुल्लक कारणावरून भडका उडतो, कधी काहीच वाटेनासं होतं. वाचलेलं डोक्यात राहत नाही, साधा निर्णय घेताना घालमेल होते. स्वभाव बदलला असं घरच्यांना वाटतं, पण बऱ्याचदा हा निव्वळ दीर्घ थकवा असतो.

त्यात आणखी एक पेच होता, आणि तो मला सगळ्यांत क्रूर वाटतो. माणूस घाबरला की दुसऱ्या माणसाच्या जवळ जातो. हात धरतो, शेजारी बसतो, सांगतो, ऐकतो. भूकंप होवो की पूर येवो, लोक एकत्र येतात आणि त्यातूनच सावरतात. महासाथीत नेमकं तेच धोक्याचं ठरलं. जो आधार तोच संसर्गाचा मार्ग. ज्या आईला मिठी मारायची तिलाच आपल्यापासून जपायचं. भीतीवरचा सगळ्यांत जुना उतारा हातात असून वापरता येत नव्हता.

काढून घेतलेले टेकू

आपलं मन आपल्याच बळावर उभं आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते कितीतरी बारीकसारीक टेकूंवर उभं असतं. उठण्याची ठरलेली वेळ, कामाला जाण्याचा रस्ता, जाता-येता दिसणारे ओळखीचे चेहरे, दोन मिनिटांच्या निरर्थक गप्पा, आठवड्यातून एकदा भेटणारा मित्र. यातलं एकेक इतकं किरकोळ की त्याला कुणी ‘मानसिक आरोग्य’ म्हणणार नाही. टाळेबंदीनं हे सगळे टेकू एका झटक्यात काढले. दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना, रात्री डोळ्याला डोळा लागेना. ज्यांचं काम घरी आलं त्यांच्या घरात काम आणि घर यांच्यातली भिंतच उरली नाही. एकटे राहणाऱ्यांना घर खायला उठलं, आणि काहींच्या बाबतीत तर घरातलंच माणूस हिंसक होतं. बाहेर जायची सोय नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेनं एप्रिल २०२० मध्येच घरगुती हिंसाचाराला ‘महासाथीच्या सावलीतली महासाथ’ म्हटलं होतं.

विलगीकरणाचा मनावर परिणाम होतो, हे आधीही ठाऊक होतं. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची साथ आली तेव्हा टोरांटोमध्ये विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांना नंतर प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी सुमारे २९ टक्के लोकांमध्ये आघातानंतरच्या तणावाची लक्षणं दिसली आणि ३१ टक्क्यांमध्ये नैराश्याची. विलगीकरण जितकं लांबलं तितकी लक्षणं वाढलेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे बहुतेक देशांत टाळेबंदी लागण्याच्या आधी, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा छापला. कशानं त्रास वाढतो, ते त्यांनी सांगितलं होतं: मुदत लांबत जाणं, पुरेशी आणि स्पष्ट माहिती न मिळणं, गरजेच्या वस्तूंची टंचाई, पैशांचं नुकसान, आणि नंतर लोकांनी टाळणं. यातल्या बऱ्याच गोष्टी माणसाच्या मनातल्या नाहीत, व्यवस्थेच्या हातातल्या आहेत. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. महिन्याचं भाडं कसं भरायचं या काळजीनं ज्याला झोप लागत नाही, त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं पुरेसं नसतं.

कुणाला जास्त झळ लागली

विषाणूचा धोका वयस्कर लोकांना सर्वांत जास्त होता. त्यामुळे मनानंही तेच सर्वांत जास्त खचले असतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. सुरुवातीच्या काळात एकामागून एक पाहण्यांत तरुण प्रौढांची अवस्था जास्त वाईट दिसली. ‘लॅन्सेट’च्या त्या अभ्यासातही तरुण आणि स्त्रिया यांच्यातच वाढ जास्त होती.

याचं कारण पुन्हा टेकूंकडेच जातं. विशी-तिशीतल्या माणसाचं आयुष्य अजून बांधलं जात असतं. नोकरी नवी, घर भाड्याचं, नाती जुळू घातलेली, शिक्षण अर्धवट. सगळं उद्यावर अवलंबून असतं, आणि उद्याच पुसला गेला. साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांची मिळकत आणि नाती दोन्ही स्थिरावलेली होती. शिवाय वयाबरोबर भावना आवरण्याचं कसबही वाढतं, असं मानसशास्त्रात बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. पण ‘वयस्कर लोक बरे राहिले’ ही पुन्हा सरासरीच. वृद्धाश्रमात महिनोन् महिने एकही आपलं माणूस न भेटलेले किंवा स्मृतिभ्रंशामुळे ‘कुणी येत का नाही’ हेच न समजणारे वृद्ध त्या पाहण्यांत सहसा नव्हतेच.

स्त्रियांचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मुलांच्या शाळा बंद झाल्या, आजारी माणसं घरी आली, ते ओझं बहुतेक घरांत त्यांच्यावर पडलं. नोकऱ्या जाण्यातही त्यांचं प्रमाण मोठं होतं. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांची आणखी एक अडचण झाली: उपचारच थांबले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत किंवा बंद झालेल्या आढळल्या. गरज वाढली नेमकी तेव्हाच दारं बंद झाली.

डॉक्टर आणि परिचारिकांबद्दल वेगळं बोलायला हवं. त्यांना थकवा होता, संसर्गाची भीती होती, पण त्याहून खोल गेलेली एक गोष्ट होती. खाट एक आणि रुग्ण दोन. घरच्यांना आत सोडता येत नाही, मग मरणाऱ्याजवळ आपणच उभं राहायचं आणि फोन धरायचा. आपल्या मते जे योग्य ते करता न येणं, किंवा जे अयोग्य वाटतं ते करावं लागणं, याची मनात जी जखम राहते तिला ‘नैतिक आघात’ म्हणतात. जोनाथन शे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं ही कल्पना युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना मांडली होती. हा आघात विश्रांतीनं जात नाही, रजा देऊन सुटत नाही. ‘तुम्ही तर देवदूत’ म्हटल्यानं तर तो आणखी आत जातो, कारण त्या माणसाला स्वतःबद्दल तसं मुळीच वाटत नसतं.

निरोप न घेता गेलेली माणसं

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख जास्त मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या कुटुंबरचनेवरून गणित मांडलं, तर कोविडच्या एका मृत्यूमागे सुमारे नऊ जवळचे नातेवाईक दुःखात पडतात असं दिसलं. गेलेलं माणूस ज्यांचं आजी-आजोबा, आईवडील, भावंड, जोडीदार किंवा मूल होतं, तेवढेच त्यात धरले होते. मित्र आणि सहकारी निराळे.

मृत्यूनंतर माणसं जमतात, रडतात, गेलेल्याच्या आठवणी सांगतात, ठरलेले विधी करतात. जगातल्या प्रत्येक समाजात हे आहे, कारण त्याशिवाय मनाला मृत्यू पटत नाही. महासाथीत अनेकांना शेवटचं पाहताही आलं नाही. रुग्णवाहिकेत बसलेलं माणूस, मग फोनवरचा एक आवाज, मग काहीच नाही. असं दुःख अर्ध्यावरच अडकतं. कित्येक जण सांगतात, की अजून वाटतं, दार उघडेल आणि तो येईल.

त्यात अपराधीपणाचा काटा. आजार घरात मीच आणला असेन का? त्या दिवशी बाहेर गेलो नसतो तर? लवकर दवाखान्यात नेलं असतं तर? संसर्गजन्य आजारात हे प्रश्न टळत नाहीत, आणि त्यांची उत्तरंही सापडत नाहीत, कारण विषाणू नेमका कुणाकडून आला हे बहुतेक वेळा कळतच नाही. ‘असा विचार करू नकोस’ असं म्हटल्यानं विचार थांबत नाहीत. माणूस फक्त ते बोलायचा थांबतो. त्यापेक्षा तो प्रश्न पूर्ण बोलू द्यावा. त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, हे सावकाश वेगळं करून पाहावं. आज जे ठाऊक आहे त्याच्या आधारे तेव्हाच्या स्वतःला माणूस दोषी ठरवत असतो.

बहुतेकांचं दुःख काळानुसार बोथट होतं. काहींचं होत नाही. तीव्र ओढ, आयुष्य पोकळ वाटणं, रोजचं काम न जमणं हे महिनोन् महिने तसंच राहिलं, तर त्याला आता ‘दीर्घकाळ रेंगाळणारं वियोगदुःख’ असा स्वतंत्र विकार मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. यावर खास उपचारपद्धती आहे आणि ती उपयोगी पडते. ‘किती दिवस रडणार’ असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

विषाणूचा थेट हात

इथवरचं सगळं परिस्थितीबद्दल होतं. पण आजारसुद्धा मेंदूपर्यंत पोहोचतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर कार्ल मेनिंजर या डॉक्टरनं बॉस्टनमधल्या एका मनोरुग्णालयात आलेल्या, फ्लू होऊन गेलेल्या रुग्णांची नोंद १९१९ मध्येच प्रसिद्ध केली होती. कोविडनंतर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे २ लाख ३६ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आजारानंतरच्या सहा महिन्यांत जवळपास एक तृतीयांश लोकांना मज्जासंस्थेचं किंवा मनाचं काही ना काही निदान झालेलं होतं. त्यात जुनेच त्रास पुन्हा नोंदले गेलेलेही होते, पण सुमारे १३ टक्के लोकांच्या आयुष्यातलं ते असं पहिलंच निदान होतं. फ्लू झालेल्यांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं.

ज्यांना लाँग कोविड आहे त्यांना महिनोन् महिने थकवा, धाप, विसराळूपणा, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं असा त्रास होतो. तपासण्या पुष्कळदा ठीक येतात. मग ‘हे मनाचे खेळ आहेत’ असं त्यांना ऐकवलं जातं, आणि त्यानं मात्र मन खरंच खचतं. शरीराचा त्रास आणि मनाचा त्रास अशी वाटणी करण्याचा हट्ट इथे सोडायला हवा.

आजारी नाही, पण बरंही नाही

आत्महत्यांची लाट येईल अशी भीती २०२० मध्ये सगळीकडे होती. एकवीस देशांतली आकडेवारी तपासली तेव्हा साथीच्या पहिल्या काही महिन्यांत तशी वाढ आढळली नाही. नंतर सगळीकडे तसंच राहिलं असं नाही. जपानमध्ये २०२० च्या उत्तरार्धात स्त्रियांच्या आत्महत्या वाढल्या. तरीही, त्रास वाढला म्हणजे आत्महत्या वाढतीलच असा सरळ हिशेब नसतो, आणि आधार वेळेवर मिळाला तर पुष्कळ काही वाचवता येतं.

दुसऱ्या टोकाला एक मोठा गट आहे, जो कुठल्याच आकड्यात येत नाही. निदान काही नाही, पण उमेदही नाही. कॉरी कीज या समाजशास्त्रज्ञानं २००२ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि ती मानसिक आजार व मानसिक स्वास्थ्य यांच्या मधली जागा असल्याचं मांडलं. मराठीत तिला नेमका शब्द आधीपासून आहे: मरगळ. काम होतं, जेवण होतं, हसणंही होतं, पण कशातच जीव नसतो. मरगळलेल्या माणसाला आधी मन लागेल आणि मग काहीतरी करू असं वाटत असतं. प्रत्यक्षात क्रम उलटा चालतो. आधी काहीतरी छोटं करायचं, मन मागून येतं. मानसोपचारात नैराश्यावरही ही पद्धत वापरतात. ठरलेल्या वेळी उठणं, थोडं चालणं, दिवसातून एका माणसाशी बोलणं. मोडलेल्या टेकूंपैकी एक परत उभा करायचा, मग दुसरा.

जागतिक आरोग्य संघटनेनं संकटग्रस्त भागांसाठी ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाची पाच भेटींची पद्धत तयार केली आहे. ताण उतरवणं, हातातली एखादी अडचण टप्प्याटप्प्यानं सोडवणं, पुन्हा हालचाल सुरू करणं आणि माणसांशी तुटलेला धागा जोडणं, एवढंच त्यात शिकवतात. मनोविकारतज्ज्ञ नसलेली, पण प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही हे करू शकते.

मदत केव्हा घ्यावी? उदासी किंवा भीती दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज असेल, झोप, भूक, काम, नाती यांवर परिणाम होत असेल, दारू किंवा गोळ्यांशिवाय दिवस निभत नसेल, तर वाट पाहू नये. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. जवळच्या माणसाबद्दल तशी शंका आली, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाल तेव्हा साथीच्या काळात काय घडलं, ते आपणहून सांगा. घरातलं कुणी गेलं का, स्वतःला आजार झाला होता का, झोप कधीपासून बिघडली, काम सुटलं होतं का. पुष्कळ जण हे सांगत नाहीत, कारण ते ‘सगळ्यांनाच झालं’ असं त्यांना वाटतं आणि आता त्याला काही वर्षं लोटली आहेत. विचारलं गेलं नाही, तरी हे सांगा.